मेकजेबने नीट उतरवलं तरी यान आडवं का होतं

तू विचारलंयस की कर्बल स्पेस प्रोग्राममध्ये (अंतराळयानं बांधून उडवायचा गेम) मेकजेबला, म्हणजे यान आपोआप चालवणाऱ्या मॉडला, मुनवर (गेममधला चंद्र) उतरायला सांगितलं की यान शेवटपर्यंत एकदम छान खाली येतं, वेग अर्धा मीटर पर सेकंदच्या आसपास दिसतो, पाय टेकतात, आणि मग हळूच एका बाजूला कलंडतं, दहातल्या चार-पाच वेळा तरी. मग हा मॉडचा बग आहे का, आणि तो सोडून केओएस (यानासाठी स्वतः प्रोग्राम लिहायचा मॉड) शिकून स्वतःचा ऑटोपायलट लिहिला तर हे थांबेल का.

आधी थोडक्यात सांगते. बग नाहीये. केओएस नक्की शिक, पण तेवढ्याने यान आडवं व्हायचं थांबणार नाही. ऑटोपायलट तुला "इंजिन कधी पेटवायचं आणि किती" एवढंच सांगतो, "इथे उतरावं का" आणि "हे यान उभं राहील का" हे दोन प्रश्न त्याला कुणी विचारलेलेच नसतात. ते तुझ्याकडेच राहतात.

मी हा गेम १.० यायच्या आधीपासून खेळतेय, म्हणजे २०१५ च्याही आधीपासून, आणि दिवसा माझं काम लिफ्ट कमिशनिंगचं आहे, परळ-लालबाग पट्ट्यातल्या टॉवरमध्ये. लिफ्ट हासुद्धा ऑटोमॅटिक लँडिंगचाच प्रकार आहे बघ, आमच्याकडे मजल्यावरच्या दाराला लँडिंग डोअरच म्हणतात. नवीन लिफ्ट लावली की आम्ही लर्निंग रन घेतो, म्हणजे लिफ्ट खालपासून वरपर्यंत सावकाश एक फेरी मारते आणि कुठला मजला नेमका कुठे आहे ते कंट्रोलर लक्षात ठेवतो, मग रोज हजार फेऱ्या मारल्या तरी लेव्हलला थांबते. आता एका बिल्डिंगमध्ये काय झालं, आम्ही काम संपवून गेल्यावर सोसायटीने लिफ्टच्या आत फरशी काढून मार्बल बसवला. केबिनचं वजन वाढलं, काउंटरवेट (लिफ्टला तोलून धरणारं दुसऱ्या बाजूचं वजन) तेवढंच राहिलं, आणि दोन दिवसांत फोन, लिफ्ट मजल्याच्या खाली थांबते, आजी अडखळल्या. सगळे म्हणत होते कंट्रोलर खराब आहे. कंट्रोलर शंभर टक्के ठीक होता, त्याच्या डोक्यात जी लिफ्ट होती ती आता तिथे नव्हती एवढंच. काउंटरवेट वाढवून बॅलन्स परत केला, पुन्हा लर्निंग रन घेतला, संपलं काम. तुझ्या यानाचं असंच झालंय असं मला वाटतंय, तू फ्युएल टाकीच्या वर रोव्हर बसवलायस असं लिहिलंयस ना, तोच तुझा मार्बल.

आता कलंडण्याकडे येऊ, कारण मुद्दा तिथेच आहे आणि थोडं गणित केलं की लख्ख दिसतं. समज तुझ्या यानाचं सेंटर ऑफ मास (सगळ्या वजनाचा मधला बिंदू) जमिनीपासून ४ मीटर वर आहे आणि पायांमधलं अंतर ३ मीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून दीड मीटर. असं यान साधारण २० अंश कललं की गेलं. १५ अंशाच्या उतारावर उतरवलंस तर हातात फक्त ५ अंश उरतात, आणि मुनच्या खड्ड्यांच्या कडेला १५ अंश उतार काही मोठी गोष्ट नाही. पण सपाट जागा धरली तरी बघ. यान आडवं सरकत आलं, पाय जमिनीत अडकला, आता वरचं धड त्या पायाभोवती फिरणार. चालत्या लोकलमधून उतरणारा माणूस पाय टेकवून जागच्या जागी थांबत नाही, गाडीच्या दिशेने चार पावलं पळतो, थांबला तर तोंडावर पडेल. यानाला ती चार पावलं पळता येत नाहीत. आडवं होण्यासाठी सेंटर ऑफ मासला त्या पायावरून पलीकडे जायचंय, त्यासाठी त्याला फक्त २७ सेंटीमीटर वर उचलावं लागतं, आणि मुनचं गुरुत्व १.६३ (मीटर पर सेकंद वर्ग) आहे, तर हिशोब केला की आडवा वेग १ मीटर पर सेकंद असला तरी यान पलटी होतं. एक मीटर पर सेकंद! आपण चालतो त्यापेक्षा कमी. तेच यान कर्बिनवर (गेमची पृथ्वी), जिथे गुरुत्व ९.८१ आहे, तिथे जवळजवळ अडीच मीटर पर सेकंदपर्यंत तग धरेल. आणि मिनमसवर (कर्बिनचा दुसरा, लहान चंद्र), गुरुत्व ०.४९, तिथे अर्ध्या मीटरच्या जरासं वर गेलं की संपलं.

हे बहुतेकांना उलटं वाटतं. मुन-मिनमसवर सगळं हलकं, सावकाश, तर उतरणं सोपं असं आपण धरून चालतो. उभ्या वेगाच्या बाबतीत ते खरं आहे. पण यानाला उभं धरून ठेवतं ते त्याचं वजनच, गुरुत्व कमी झालं की ते खाली दाबून ठेवणारं बळही कमी होतं, आडवा वेग मात्र तेवढाच राहतो. म्हणून स्क्रीनवर अर्धा मीटर दिसतो तेव्हा तो उभा किती आणि आडवा किती हे वेगळं बघायला शीक. उभा अर्धा असेल तर काहीच नाही, मिनमसवर आडवा अर्धा असेल तर तू काठावर आहेस.

आता तेच यान बदल. रोव्हर वरून काढून खाली बाजूला लाव (दोन्ही बाजूंना वजन सारखं ठेवून), टाक्या उंच एकावर एक न रचता चार लहान टाक्या मधल्या टाकीच्या बाजूला लाव, पाय बाहेरच्या टाक्यांवर. सेंटर ऑफ मास २ मीटरवर आलं आणि पाय मधल्या रेषेपासून अडीच मीटरवर गेले की तेच यान मुनवर ३ मीटर पर सेकंद आडवा वेग सहन करतं आणि ५० अंशापर्यंत कललं तरी परत उभं राहतं. ऑटोपायलटची एकही ओळ बदलली नाहीस. मी स्वतः आठ-दहा महिने थ्रॉटलचे आकडे बदलत बसले होते आणि उत्तर सगळं यान बांधायच्या स्क्रीनवर होतं, तो सेंटर ऑफ मासचा पिवळा-काळा गोळा दाखवणारं बटण तिथेच आहे, ते दाबून टाक्या भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही वेळेला बघ. उतरताना टाकी जवळपास रिकामी असते, त्यामुळे वर ठेवलेल्या रोव्हरचं वजन तेव्हा जास्त जाणवतं आणि गोळा वर सरकतो. लाँचपॅडवर ठीक दिसणारं यान मुनवर पोचेपर्यंत वेगळंच यान झालेलं असतं.

तुझा दुसरा प्रश्न, स्वतःचा ऑटोपायलट. पहिला प्रोग्राम सगळे असाच लिहितात, स्टीअरिंग सरफेस रेट्रोग्रेडला लॉक कर, म्हणजे वेगाच्या उलट दिशेला नाक धर, आणि थ्रॉटल फॉर्म्युल्याने चालव. वरून हे अप्रतिम चालतं कारण आडवा आणि उभा दोन्ही वेग एकदम मरतात. पण जमिनीपासून दहा-वीस मीटरवर वेग जवळजवळ शून्य होतो आणि थ्रॉटल किंचित जास्त राहिला तर यान वर जायला लागतं, अगदी ०.२ मीटर पर सेकंदने का होईना. त्या क्षणी वेगाची दिशा वर झाली, म्हणजे रेट्रोग्रेड खाली गेला. प्रोग्राम प्रामाणिकपणे नाक खाली वळवायला लागतो, इंजिन चालूच आहे, आणि आता तेच इंजिन तुला जमिनीकडे ढकलतंय. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला वाटलं गेमच बिघडला. साधा एसएएस (नाक एका दिशेला धरून ठेवणारी गेमची सोय) रेट्रोग्रेडवर ठेवलास तरी हेच होतं. उपाय असा की उभा वेग ५-६ मीटर पर सेकंदच्या खाली आला की रेट्रोग्रेडचा नाद सोडायचा आणि नाक आकाशाकडे धरायचं, आडवा वेग जेवढा उरलाय तेवढ्यापुरतं थोडंसं कलतं, पाच-दहा अंशांपेक्षा जास्त नाही. मेकजेबमध्ये शेवटच्या उतरण्यासाठी वेगळा टप्पा आहे तो यासाठीच, आणि तुझ्या प्रोग्राममध्ये तो तुला स्वतः लिहावा लागेल.

याच्या जोडीला नॅव्हबॉलवर (दिशा आणि वेग दाखवणारा स्क्रीनवरचा गोळा) "सरफेस" लिहिलंय की "ऑर्बिट" ते बघ. मुन स्वतःभोवती ३८.६ तासांत फिरतो, विषुववृत्तावर जमीन ९ मीटर पर सेकंदने सरकत असते. ऑर्बिटच्या हिशोबाने वेग शून्य केलास तर जमिनीच्या हिशोबाने तू ९ ने आडवा जातोयस, आणि वरचं गणित आठव. ड्यूनावर (गेमचा मंगळ) हाच आकडा ३० च्या आसपास आहे.

मग येतो सुसाइड बर्न, ज्याच्या नादाने बरेच लोक केओएसकडे वळतात. कल्पना सोपी, सगळ्यात उशिरा पण फुल थ्रॉटलने ब्रेक मारायचा म्हणजे फ्युएल कमीत कमी जातं. पेटवायच्या उंचीचा फॉर्म्युलाही सोपा, वेगाचा वर्ग भागिले (इंजिनचं त्वरण वजा गुरुत्व) याची दुप्पट. समज गेममधलं टेरियर इंजिन, जोर ६० किलोन्यूटन, यान ४ टन, त्वरण १५. मुनवर सरळ खाली २०० मीटर पर सेकंदने पडतोयस तर साधारण १५०० मीटरवर पेटवायला हवं. आता समज प्रोग्रामने अर्धा सेकंद उशिरा पेटवलं. अर्ध्या सेकंदात १०० मीटर गेले. तुला वाटेल १५०० मधले १०० म्हणजे काय एवढं, पण ते १०० मीटर शेवटचे कापले जातात, आणि जमिनीवर आदळताना वेग ५० मीटर पर सेकंदच्या वर असतो. तसंच इंजिनचा जोर फॉर्म्युल्यात धरलाय त्यापेक्षा ५ टक्के कमी निघाला, उदाहरणार्थ बाजूची इंजिनं दिसायला छान म्हणून वीस अंश बाहेर तिरकी लावलीस आणि तो तिरकेपणा हिशोबात घेतला नाहीस, तरी ४५-४७ च्या वेगाने आपटशील. म्हणजे ज्या पद्धतीत फ्युएल सगळ्यात कमी जातं त्याच पद्धतीत चुकीला जागा सगळ्यात कमी आहे. फॉर्म्युल्यात उंचीवर १० टक्के मार्जिन टाक, थ्रॉटल पूर्ण न धरता ८५-९० टक्के धरून हिशोब कर, म्हणजे चुकलं तर वर जायला हातात काहीतरी उरेल. थोडं फ्युएल जाईल, जाऊ दे.

आणि तो अर्धा सेकंद कुठून येतो ते पण सांगते. गेमचं फिजिक्स साधारणपणे सेकंदाला ५० पावलं टाकतं. केओएस प्रत्येक पावलाला ठरावीक सूचनाच चालवतो, सुरुवातीचं सेटिंग २०० आहे, त्यामुळे लूपमध्ये तू लांबलचक गणितं आणि वर स्क्रीनवर दहा ओळी प्रिंट असं ठेवलंस तर एक फेरी पूर्ण व्हायला कितीतरी पावलं जातात आणि निर्णय जुन्या आकड्यांवर होतो. त्यात कंटाळा आला म्हणून उतरताना फिजिकल वॉर्प (गेमचा वेळ पळवणं) ४ पट केलास की पावलंच मोठी होतात, ०.०२ सेकंदाच्या जागी ०.०८, म्हणजे २०० च्या वेगाला यान एका पावलात १६ मीटर उडी मारतं. लँडिंगला वॉर्प नको म्हणजे नको. शिवाय नाक वळायलाही वेळ लागतो, जड यान आणि एकच छोटं रिॲक्शन व्हील (यान वळवणारं आतलं चाक) असेल तर पाच-सात सेकंद सहज, आणि फॉर्म्युला धरून चालतो की नाक आधीच योग्य दिशेला आहे.

हे शेवटचं फक्त गेमपुरतं नाही. चांद्रयान-२ चं विक्रम ७ सप्टेंबर २०१९ ला गेलं, त्याबद्दल इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३ मध्ये सांगितलं ते वाच. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्याने चुका साचत गेल्या, त्या भरून काढायला यानाला झपाट्याने वळायचं होतं पण किती झपाट्याने वळायचं यावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती, आणि त्यात उतरायची जागा ठरवलेली होती ५०० बाय ५०० मीटर, तिथे पोचायची धडपड चालूच. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी नियमाप्रमाणे चालली होती. मग चांद्रयान-३ ला त्यांनी काय केलं, जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय जास्त वेगाचा धक्का सहन करतील असे मजबूत केले, मधलं पाचवं इंजिन काढलं, वेग थेट मोजणारं लेसरचं उपकरण बसवलं, फ्युएल जास्त दिलं. काय काय चुकू शकतं तिथून डिझाइनची सुरुवात. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ते उतरलं तेव्हा आम्ही साइटवर मशीन रूममध्ये पाच जण एका फोनवर बघत होतो, आणि मला त्या शेवटच्या टप्प्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर दीडशे मीटरच्या आसपास ते थांबून खाली बघतं ते. यानाने स्वतः खड्डे-दगड बघून जागा ठरवायची. तुझ्या मेकजेबमध्ये नेमकं हेच नाहीये. तू दिलेल्या कोऑर्डिनेटवर ते जीव तोडून नेतं, पण तिथे खड्ड्याची भिंत आहे हे बघून शेजारची सपाट जागा निवडत नाही.

जमिनीची अजून एक गंमत आहे जिने खरं यान पाडलंय. रडारची उंची म्हणजे यानाच्या बरोबर खाली जमीन किती लांब आहे ती. तू तिरका येत असतोस, पेटवायचं ठरवतोस आत्ताच्या जमिनीवरून, आणि उतरणार पुढच्या जमिनीवर. पुढे डोंगर असेल तर उशीर झाला, पुढे खोल खड्डा असेल तर फुकट उंचावर थांबून फ्युएल जाळत बसशील. एप्रिल २०२३ मध्ये जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुतो-आर चंद्रावर उतरताना एका मोठ्या खड्ड्याच्या कडेवरून गेलं, तिथे जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खाली गेली, सेन्सरने बरोबर आकडा दिला पण सॉफ्टवेअरला वाटलं इतका फरक शक्यच नाही, सेन्सर बिघडलाय, आणि त्याने तो आकडा टाकून दिला. यानाच्या समजुतीने उंची शून्य झाली होती, खरी उंची होती साधारण ५ किलोमीटर. ते तिथेच सावकाश उतरत राहिलं, फ्युएल संपलं, पडलं. आता तुझ्या प्रोग्राममध्येही बघ, केओएसची नेहमीची रडार उंची यानाच्या मधल्या बिंदूपासून मोजते, पायांच्या तळव्यापासून नाही. यान ८ मीटर उंच असेल तर तू समजतोस अजून ४ मीटर आहेत आणि पाय ऑलरेडी टेकलेत. यानाच्या तळापासून उंची देणारी सोय त्यात आहे, तीच वापर.

हवा असलेल्या ग्रहांवर मी ऑटोपायलटवर नेमक्या जागेसाठी भरवसा ठेवत नाही, कारण यान जरा कललं की हवेचा अडथळा बदलतो आणि अंदाज किलोमीटरच्या हिशोबात हलतो, ड्यूनाची हवा इतकी विरळ की जड यानाला पॅराशूट एकटं बहुतेक वेळा पुरत नाही आणि शेवटी इंजिन लागतं. आणि पुढे कधी रिअॅलिझम ओव्हरहॉल (गेम खऱ्यासारखा करणारा मॉड) लावलंस तर इंजिन मोजक्याच वेळा पेटतं, थ्रॉटल ठरावीक टक्क्यांच्या खाली येत नाही, तिथे "पेटव-विझव-पेटव" करणारा ऑटोपायलट पहिल्या मिनिटात हात टेकतो. अपोलोच्या उतरण्याच्या इंजिनलासुद्धा साधारण ६५ ते ९२ टक्क्यांच्या मधला थ्रॉटल चालत नव्हता, त्यांच्या कॉम्प्युटरला ते धरूनच चालावं लागायचं.

तर आता तू काय कर. आधी यान रुंद आणि बुटकं कर, वर सांगितलं तसं. मग मेकजेबला खाली आणू दे, डीऑर्बिट (कक्षेतून खाली यायला लागणं), कोर्स करेक्शन, मोठा ब्रेक, हे ते माझ्यापेक्षाही चांगलं करतं आणि मी आजही त्यालाच देते. साधारण ५०० मीटरवर, उभा वेग २०-३० असताना, ते बंद करून तू घे. खाली बघ, यानाची सावली दिसत असेल तर उत्तम, सावली वाकडीतिकडी तुटलेली दिसली की उतार किंवा खड्डा आहे, शेजारी सर. अपोलो ११ ला आर्मस्ट्राँगने हेच केलं, कॉम्प्युटर मोठमोठ्या दगडांनी भरलेल्या खड्ड्याकडे नेत होता, त्याने ताबा घेतला आणि पुढे सपाट जागेवर नेलं. आणि त्याने कॉम्प्युटर पूर्ण बंद नव्हता केला हे लक्षात घे, खाली जायचा वेग कॉम्प्युटरच सांभाळत होता, आर्मस्ट्राँग जागा बघत होता. अपोलोच्या सहाही लँडिंगला शेवटचा टप्पा असाच झाला. केओएसमध्ये पहिला प्रोग्राम लिहायचाच असेल तर हाच लिही, पूर्ण लँडिंगचा नको: उभा वेग तू दिलेल्या आकड्यावर धरून ठेवायचा, बाकी कलणं-सरकणं तुझ्या हातात. वीस-पंचवीस ओळी होतील. मिनमसच्या ग्रेटर फ्लॅट्सवर सराव कर, तिथे जमीन एकदम सपाट आहे त्यामुळे उतार हा प्रश्नच उरत नाही आणि फक्त आडवा वेग मारायला हात बसतो, कारण उंच यानाला तिथे अर्धा मीटरही काठावरचाच आहे. पाय टेकल्यावर एसएएस लगेच बंद करू नकोस, चार-पाच सेकंद राहू दे, रिॲक्शन व्हील यानाला सरळ धरतात.

आणि यान बांधायच्या स्क्रीनवरचा, बाजूने काढलेला यानाचा फोटो पाठव, टाक्या रिकाम्या करून आणि तो गोळा चालू ठेवून. पाय किती बाहेर न्यायचे ते त्यावरून बसून सांगते.